माणशी रोज साडेचार टँकर

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हा आकडा रोज पेपरात कुठल्या तरी कोपऱ्यात छापलेला असतो आणि आपण तो ओलांडून पुढच्या बातमीवर जातो, कारण मिलिमीटर या मापाने कोणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढं ध्यानात ठेवलं की मात्र गणिताला चव येते. शंभर चौरस मीटरच्या कौलारू घरावर वर्षाला ३ लाख ३० हजार लिटर पाणी पडतं. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. त्यावरचा सगळा पाऊस अडवून ठेवला तर होतात २७ अब्ज घनमीटर, धरणवाल्यांच्या बोलीत सुमारे साडेनऊशे टीएमसी. कोयना धरण १०५ टीएमसीचं. म्हणजे दरवर्षी आपल्या डोक्यावर नऊ कोयना रिकाम्या होतात.

२०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या भरली १६,१५,०६९. नऊ कोयना एवढ्या माणसांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ४६ हजार लिटर येतात. दहा हजारी टँकर धरला तर माणशी रोज साडेचार टँकर, तान्ह्या पोरापासून नव्वदीच्या आजीपर्यंत. जल जीवन योजनेचा निकष आहे माणशी ५५ लिटर. म्हणजे निसर्ग सरकारी निकषाच्या आठशे पटींहून जास्त पुरवठा करतो, तोही बिल न पाठवता.

आणि तरी एप्रिल उजाडला की डोंगरातल्या वाड्यांवर खराखुरा टँकर चढतो, विहिरीच्या तळाशी कळशी खरवडते आणि शहरात शीळ धरणाची पातळी हा गप्पांचा विषय होतो. पाऊस देण्यात कोणी हात आखडलेला नाही. अडचण उताराची आहे. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचं सरळ अंतर पन्नास-साठ किलोमीटर, त्यात जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांना थांबायला सवडच मिळत नाही. घाटात पडलेला थेंब एकाच दिवसात खाडीला लागतो. उरलेलं पाणी जांभा पितो, आणि पावसाळा सरला की तोही सोडून देतो.

यावर कडी म्हणजे घाटावरचं पाणीही आमच्याकडेच येतं. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवायची परवानगी आहे. ते चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीत मिसळतं आणि समुद्रात जातं. वीज ग्रिडमध्ये जाते. आमच्याकडे राहतो तो पोफळीचा पत्ता.

धरणं बांधली नाहीत असंही नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. त्यानंतर राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं की धरण खेकड्यांनी पोखरलं. विरोधी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मग जिवंत खेकडे नेऊन पोलीस ठाण्यात हजर केले आणि गुन्हा नोंदवा म्हणाले. ही बातमी देशभर विनोद म्हणून फिरली. कोकणात शेताच्या प्रत्येक बांधाला खेकड्यांची बिळं असतात आणि त्या बिळांसकट ते बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. मंत्र्यांच्या हिशेबात नेमके किती खेकडे होते, हा आकडा मात्र कोणी मागितला नाही. बाकी सगळे आकडे मागितले जातात.

आता रस्त्याकडे वळू. वळू म्हणजे वळणरस्त्यानेच वळू, कारण सरळ रस्ता अजून व्हायचा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा रायगड जिल्ह्यात येतो, पण त्याचा त्रास रत्नागिरीकराच्या कमरेत येतो. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११च्या डिसेंबरात सुरू झालं आणि २०२५च्या गणपतीपर्यंत पुरं झालेलं नव्हतं. पावणेचौदा वर्षं म्हणजे ढोबळमानाने ५,००० दिवस. ८४ हजार मीटर भागिले ५,००० दिवस, जवळपास रोज १७ मीटर. काम झालं ते तुकड्यातुकड्यांनी झालं, हे मान्य. पण सरासरी ही सरासरीच असते.

सतरा मीटर म्हणजे किती? राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला एक हत्ती आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणी खोदला, का खोदला, ठाऊक नाही; पण आहे तो १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत ते वेगळेच. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तर महामार्ग रोज एक कशेळी हत्ती पुढे सरकला, तोही सोंडेकडून थोडा आखूड. गोगलगाय सेकंदाला साधारण एक मिलिमीटर चालते. तिने हेच १७ मीटर पाच तासांच्या आत कापले असते आणि उरलेला दिवस कोणाच्या तरी परसातल्या भाजीवर काढला असता.

याच अंतराचा दुसरा आकडा त्याहून बोचरा आहे. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झालं आणि २६ जानेवारी १९९८ला ७४१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. साडेसात वर्षं. या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत आणि त्यांची एकूण लांबी भरते साडेचौऱ्याऐंशी किलोमीटर. पनवेल-इंदापूर रस्ता ८४ किलोमीटर. जेवढ्या लांबीचा रस्ता बहुतांश सपाटीवर चौदा वर्षांत आटपला नाही, तेवढ्या लांबीचे बोगदे डोंगराच्या पोटातून साडेसात वर्षांत आरपार गेले, आणि जोडीला दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल झाले. मऊ मातीतले काही बोगदे तर यंत्रांना दाद देईनात म्हणून माणसांनी हातांनी खोदले. कारबुडेचा बोगदा एकटा साडेसहा किलोमीटर. तिथून पुढे रत्नागिरीजवळ पानवलच्या दरीवर गाडी ६४ मीटर उंचीवरून जाते. नवखे प्रवासी मोबाइल काढतात, रोजचे पेंगत असतात. हे काम करताना ज्यांचे जीव गेले त्यांच्यासाठी रत्नागिरी स्टेशनाबाहेर श्रमशक्ती स्मारक आहे. रिक्षाच्या रांगेत भांडताना त्याच्याकडे पाठ असते, पण आहे.

रेल्वे इतकी चांगली आहे म्हटल्यावर तिच्यात बसायला जागा नसणार हे ओघानंच आलं. २०२३च्या गणपतीचं आरक्षण चार महिने आधी उघडलं, तेव्हा कोकणकन्या एक्स्प्रेसची प्रतीक्षायादी दीड मिनिटात हजाराच्या पुढे गेली. म्हणजे सेकंदाला अकरा माणसं निराश. एवढ्या वेगाने कोकणात आणखी काहीच होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवीण अंडी घालायला आली. तिच्या पायावरचा बिल्ला ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली लावलेला होता. म्हणजे अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर, विनाआरक्षण. चाकरमान्यांनी तिच्याकडे असूयेने पाहिलं असेल तर त्यांना बोल लावता येणार नाही.

त्याच २०२५ साली गणपतीसाठी रेल्वेने मोटारी वाहून नेणारी रो-रो सेवा काढली. खड्ड्यांचा रस्ता टाळा, मोटार मालगाडीवर चढवा, स्वतः डब्यात बसा. मोटारीला भाडं ७,८७५ रुपये, एका फेरीत ४० मोटारी, प्रवास बारा तासांचा. कल्पना सुरेख, फक्त मोटार चढवायची होती कोलाडला. मुंबईहून कोलाडला यायचं तर पनवेल-इंदापूर याच रस्त्याने यावं लागतं. म्हणजे खड्डे चुकवण्याच्या सेवेला पोचण्यासाठी आधी खड्ड्यांतून जा. आणि गाडी उतरणार गोव्यात वेर्ण्याला. रत्नागिरीकराने मध्येच आपली मोटार उतरवून घ्यायची सोय सुरुवातीच्या वेळापत्रकात नव्हती. त्याने आपल्या घरावरून गोव्यात जावं आणि तिथून उलटं गाडी हाणत यावं, असा एकूण हिशेब. पहिल्या फेरीला मोजक्याच मोटारी चढल्या, यात नवल काही नाही. नवल त्या मोजक्यांचं.

आकड्यांच्या बाबतीत रत्नागिरीला कधीच कोणी कमी लेखलं नाही, हेही सांगायला हवं. एन्रॉनने दाभोळला २,१८४ मेगावॉट आणायचे ठरवले. १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा २०१०चा करार, ९,९०० मेगावॉटचा. ही वीज जिल्ह्यात वाटली तर माणशी सहा किलोवॉट. म्हणजे प्रत्येकाने तीन गिझर वर्षभर, रात्रंदिवस, मे महिन्यातसुद्धा चालू ठेवायचे. नाणारच्या रिफायनरीची क्षमता वर्षाला सहा कोटी टन. रत्नागिरीकराच्या वाट्याला रोज शंभर किलो कच्चं तेल. ती २०१९ मध्ये नाणारहून रद्द झाली आणि बारसूकडे सरकली. बारसूचा सडा निघाला कातळशिल्पांचा. प्रकल्प यावेत की येऊ नयेत यावर गावागावांत आणि घराघरांत दोन तट आहेत, मी त्यात पडत नाही. मला दिसतं ते एवढंच की तीन दशकं या जिल्ह्याच्या नावापुढे हजारो मेगावॉट लिहिलेले आहेत आणि वळवाचा पहिला वारा सुटला की लाईट जाते.

आणायचं ठरवलेलं येत नाही, आणि न बोलावता आलेलं जात नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने बसरा स्टार नावाचं एक जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर आणून टेकवलं. खलाशांना सुखरूप उतरवलं गेलं. जहाज मात्र चार वर्षांहून जास्त काळ धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला खेटून बसलं. पहिले काही दिवस त्याची बातमी झाली, मग त्याचं प्रेक्षणीय स्थळ झालं, मग ते पत्ता सांगायची खूण झालं. लग्न ठरलेल्या जोडप्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. पुढे कधीतरी ते तोडायला घेतलं तेव्हा हळहळणारेही निघाले.

आता हापूस. तो काढल्याशिवाय रत्नागिरीवरचा लेख छापत नाहीत. जिल्ह्यात आंब्याखालचं क्षेत्र सुमारे ६५ हजार हेक्टर. जुन्या पद्धतीने दहा-दहा मीटरवर कलम लावलं तर हेक्टरी शंभर, म्हणजे ६५ लाख कलमं. माणशी चार. जगात माणसांपेक्षा झाडं जास्त असतील, पण माणशी चार हापूसची कलमं हा प्रकार जरा अंगावर येणारा आहे. हेक्टरी दोन टन उत्पन्न आणि किलोला चार फळं धरली तर निघतात ५२ कोटी आंबे, पाच डझनी पेट्यांत भरले तर सत्त्याऐंशी लाख पेट्या. हा अर्थात कागदावरचा आंबा. खऱ्या आंब्याला थ्रिप्स लागतात, अवकाळी पाऊस लागतो, मोहर गळतो, आणि एक वर्ष भरून आलेलं झाड दुसऱ्या वर्षी पाठ फिरवतं.

एप्रिलात राम आळीत उभं राहून ऐकावं. धुवट शर्टातले एक काका पेटीपुढे थांबतात. फळ उचलतात, देठाशी नाक नेतात, अंगठा न दाबता दाबल्यासारखं करतात.

“कशी दिली?”

“बाराशे डझन. तुम्हाला म्हणून अकराशे, काका.”

“कलम कुठलं?”

“पावसचं. घरचंच.”

काका फळ जिथलं तिथे, तसंच देठ वर करून ठेवतात. “बरा आहे,” म्हणतात. “आमची आहेत चार कलमं घरची.” आणि पिशवी काखेत मारून पुढे जातात. सरासरी इतकी तंतोतंत चालताना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

घरची कलमं नसलेल्या रत्नागिरीकराला आंबा मिळतो मे महिन्याच्या अखेरीला, मुंबई-पुण्याचं खाऊन झाल्यावर. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पुण्या-मुंबईच्या हातगाड्यांवर रत्नागिरी या नावाखाली जेवढा आंबा विकला जातो त्यातला थोडाफार तरी बंगळूरकडून आलेला असतो, हे विकणाराही जाणतो आणि घेणाराही. आता नोव्हेंबरात आफ्रिकेतल्या मलावी देशाचा हापूस वाशीच्या बाजारात उतरतो. त्याची जात आपलीच आहे. चाकरमानीच म्हणायचा तो.

कलमांवर आंबा टिकला तर माकडं येतात. २०२५ मध्ये सरकारने उपद्रवी माकडं पकडण्याचा दर ठरवून दिला: दहा माकडांपर्यंत प्रत्येकी ६०० रुपये, त्यापुढे ३०० रुपये, एकूण मर्यादा दहा हजार. हे कोष्टक कोणी केलं त्याने पुढचा भागाकार केलेला दिसत नाही. पहिल्या दहांचे सहा हजार, उरलेल्या चार हजारांत तेरा माकडं आणि एकतृतीयांश. चोविसावं माकड पकडणाऱ्याला शंभर रुपये मिळतात, पंचविसावं तो देशसेवा म्हणून पकडतो. माकडांची टोळी पंचविसाहून मोठी असू शकते हे बागायतदार सांगतील. टोळीला शासन निर्णय वाचून दाखवायची व्यवस्था अजून झालेली नाही.

मला या सगळ्यांत सर्वांत मोठा वाटतो तो आकडा कुठल्याच कोष्टकात नाही. रत्नागिरी जिल्ह्यात घरगुती गणपती दीड लाखाहून जास्त बसतात; सार्वजनिक मंडळं मात्र शे-सव्वाशेच्या घरात. मुंबईच्या उलट आमचा गणपती घरातला, माजघरातल्या माटवीखाली बसणारा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकवीस उकडीचे मोदक. दीड लाख गुणिले एकवीस म्हणजे साडेएकतीस लाख मोदक, सकाळी सहा ते दुपारी एकच्या दरम्यान, एकाच जिल्ह्यात. एकवीस मोदकांना दोन नारळ लागले तर तीन लाख नारळ त्या सकाळी फुटतात आणि खवले जातात. हे झाले फक्त नैवेद्याचे. मुंबईहून आलेला भाचा सात खातो, ते निराळे.

मोदक कसा होतो ते जवळून बघण्यासारखं असतं. तांदळाची उकड परातीत तेलपाण्याच्या हाताने मळून मऊ लुसलुशीत केलेली, तिचा लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्यायचा, अंगठे आत आणि बोटं बाहेर ठेवून वाटी फिरवत न्यायची. कड पातळ हवी आणि बूड जाड, नाहीतर सारणाचा गूळ वाफेवर पाझरतो. मग चिमटीने कळ्या. नवशिकीच्या हातून आठ-नऊ पडतात आणि नंतर वाटी फाटते. मुरलेल्या हाताला पंधरा सहज येतात, त्याही एका तिरप्या ओळीत. कळ्या एकत्र आणून नाक काढलं की बोटांत राहिलेला उकडीचा कण परत परातीत जातो. काकी हे सगळं परातीकडे न बघता, जावेशी बोलत, गॅसवरच्या मोदकपात्राकडे लक्ष ठेवून करते. साडेएकतीस लाख गुणिले पंधरा, म्हणजे पावणेपाच कोटी कळ्या.

एका मोदकाला दोन मिनिटं धरली तर ६३ लाख मिनिटं झाली. एकाच बाईने न झोपता, न उठता हे मोदक करायचे ठरवले तर तिला बारा वर्षं लागतील. म्हणजे पनवेल-इंदापूर रस्त्याआधी ती नक्की मोकळी होईल.

या बायका किती आहेत, हे मात्र जनगणनेला माहीत आहे. २०११ मध्ये जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया होत्या. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. एखाद्या परदेशी अभ्यासकाने नुसता तेवढा आकडा पाहिला तर तो इथल्या स्त्री-सन्मानावर ग्रंथ लिहील. खरं कारण दादर-सावंतवाडी गाडीच्या डब्यात बसलेलं असतं. बाप्या मुंबईत, बाई घरी, ही दीडशे वर्षांची व्यवस्था. २००१ मध्ये जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसं होती. दहा वर्षांत ८१,७०८ कमी झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरीतून रोज सरासरी बावीस माणसं उणी होत होती, अर्धी एसटी भरेल एवढी.

पण मोजणी केव्हा झाली ते पाहा. २०११चे गणक दारोदार फिरले ते ९ ते २८ फेब्रुवारीला, आणि होळी पौर्णिमा होती १९ मार्चला. शिमग्याला पालखी दारात येते, बंद घरांची कुलपं निघतात, ज्या घरात एकटी म्हातारी असते तिथे अंगणात गाद्या घालाव्या लागतात. सरकारने ही संधी तीन आठवड्यांनी चुकवली. आता २०२७च्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च आहे आणि होळी पुन्हा तीन आठवडे पुढे. माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा, हा नियम योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एवढंच की फेब्रुवारीच्या उन्हात टॅब घेऊन गणक एखाद्या वाडीवर चढेल, सातांपैकी पाच घरांना कुलूप बघून सहाव्या घरच्या काकीला विचारेल, इथली माणसं किती? आणि ती सुपातल्या कुळथातले खडे काढता काढता म्हणेल, “आता कुठली माणसं, बाबा? शिमग्याला या. एकेका घरात वीस सापडतील.”